तिसऱ्या वेळची सही

“निविदा न काढता व्हेंटिलेटर विकत घेतलेत. का?” चौकशीला आलेल्या बाईंनी विचारलं.

“गरज होती, मॅडम,” खरेदी अधिकारी म्हणाले.

सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावरची ही खोली एरवी त्यांचीच. आज त्यांच्या खुर्चीत बाई होत्या आणि ते समोरच्या, भेटायला येणाऱ्यांच्या खुर्चीत. बाई आल्या तेव्हा, माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, जरा जपून बसा, एवढंच ते आपणहून बोलले होते.

बाई आवाज न चढवता बोलत होत्या. “तातडीच्या खरेदीचं कलम मला माहीत आहे. माणसांचे जीव टांगणीला लागले आणि निविदेला वेळ नसला, तर अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर थेट खरेदी करावी. पण छातीच्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी हीच यंत्रं आधी दोनदा मागितली होती. दोन्ही वेळा ‘निविदा काढू’ म्हणून तुम्ही मागणी परत पाठवलीत. तिसऱ्या वेळी मात्र लगेच सही. मध्ये काय बदललं?”

“परिस्थिती बदलली.”

“सहीचा अधिकार आणखी कोणाला होता?”

“वरची जागा रिकामी आहे. सहीला दुसरं कोणी पाठवा म्हणून मी मुख्यालयाला दोन्ही वेळा कळवलं. कोणी आलं नाही.”

“तुमच्या पत्नी त्याच वॉर्डात होत्या.”

“हो.”

“आणि सही केलीत त्याच दिवशी त्या वारल्या.”

“हो, मॅडम.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढचं विचारणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

रुग्णालयात ही गोष्ट एव्हाना सर्वतोमुखी झाली होती. कोणी ती कुत्सितपणे सांगत नव्हतं. उलट, खरेदी अधिकाऱ्यांना ओळखणाऱ्यांना थोडं बरंच वाटलं होतं. हा माणूस सरकारी पेनाने किराण्याची यादीसुद्धा लिहायचा नाही. मेहुण्याने एकदा चादरी पुरवायची निविदा भरली, तर ती उघडायच्या दिवशी ह्यांनी रजा टाकली. मेहुणा अजून नीट बोलत नाही. “ह्यांचं लग्न नियमपुस्तकाशी लागलंय, मी नुसती पाठराखीण,” असं त्यांची बायको चारचौघांत म्हणायची आणि सगळ्यांत आधी तेच हसायचे. असा माणूसही बायकोचा श्वास अडकल्यावर शेवटी विरघळला. माणूसच तो, असं सगळे म्हणत.

“मी सरळच विचारते,” बाई म्हणाल्या. “पत्नीसाठी केलीत?”

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेतून बाहेरच्या बाकावर बसलेली त्यांची मुलगी पाठमोरी दिसत होती.

“तसं लिहा,” ते म्हणाले.

“भाव वाजवी होता, यंत्रं चांगली निघाली, तुम्ही कोणाकडून काही घेतलं नाहीत. हे सगळं मी लिहीन. पण आपल्या माणसासाठी कलम वापरलं, हा ठपका राहणार. निवृत्तीच्या तोंडावर तुम्हाला घरी बसवतील. अजून काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा.”

“काही नाही, मॅडम.”

बाई उठल्या. बाहेर पडताना मुलीपाशी क्षणभर थांबल्या. “वडिलांना जप,” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मुलगी आत आली. ती दूरच्या शहरात नोकरीला होती. आईचं जास्त झाल्याचं कळल्यावर होती तशी निघाली होती, पण पोचली तेव्हा घरासमोर चपलांची गर्दी होती.

“काय म्हणाल्या?”

“नोकरीवरून काढतील बहुतेक.”

“काढू देत.” ती त्यांच्या शेजारी बसली. “बायकोला वाचवायला धडपडलात, हा कसला गुन्हा?”

ते टेबलावरचे कागद आवरू लागले.

“मी वेळेत पोचले नाही, बाबा. पण तुम्ही होतात तिच्यापाशी. पहिल्या दिवसापासून तुम्ही जिवाचं रान केलं असणार, मला माहीत आहे. यंत्रं उशिरा आली, त्याला तुम्ही काय करणार? तुमच्या हातात होतं ते सगळं तुम्ही केलंत. ह्या एका विचारावर मला झोप लागते.”

तिचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

“जा, तोंड धुऊन ये,” ते म्हणाले. “मग निघू आपण.”

ती व्हरांड्याच्या टोकाच्या बेसिनकडे गेली. ते खोलीला कुलूप लावत होते, तेवढ्यात छातीच्या वॉर्डातल्या डॉक्टर जिना उतरून आल्या. यंत्रं मागणाऱ्या त्याच.

“नव्या यंत्रांवरचे सगळे घरी गेले, साहेब. शेवटचे आजोबा आज सकाळी. स्वतःच्या पायांनी.”

“बरं झालं.”

“तुम्ही आरोप कबूल केलात म्हणे?”

“हो.”

“कशासाठी?” डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “वहिनींच्या तोंडावर चादर मी ओढली. तुम्ही तिथेच उभे होतात. त्यानंतर खाली आलात आणि सही केलीत. गेलेल्या माणसासाठी कोणी यंत्रं घेतं का? बाई अजून फार लांब गेल्या नसतील. मी एवढं सांगितलं तरी ठपका पुसला जाईल.”

टोकाचा नळ बंद झाला. मुलगी ओढणीने तोंड पुसत त्यांच्याकडे येऊ लागली.

“नका सांगू,” ते म्हणाले. “मग ती विचारेल, आई होती तोवर का नाही केलीत.”