घट्ट दांडी

“ही बी सैल हाय!” म्हणत लिंबाजीआबांनी तिसरी दांडी काउंटरवर आपटली.

दुकानदार भगवानरावांनी मुकाट्यानं चौथं खोकं उघडलं. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीचा फाल्गुन. परभणीत सुटे भाग जोडून कम्प्युटर करून देणारं दुकान एखादंच, आणि गिऱ्हाईक अडायचं ते पडद्यावरून. रंगीत घ्यावा की काळा-पांढरा? खेळाच्या दांडीवर, म्हणजे जॉयस्टिकवर, अडलेला माणूस भगवानराव आज पहिल्यांदाच बघत होते. आबा एकेक दांडी उजव्या हातानं ढकलत, कानाशी नेऊन आतली स्प्रिंग ऐकत आणि तोंड वाकडं करून बाजूला टाकत. डावा हात उपरण्याखाली. तो तिथंच असायचा.

शेजारच्या स्टुलावर त्यांचा मुलगा बन्सीधर धुमसत बसला होता. पिंगळीहून सकाळच्या गाडीनं बापलेक आले होते ते सुनेत्रासाठी. बन्सीधरची ही थोरली तंत्रनिकेतनात कम्प्युटर शिकत होती. काय काय घ्यायचं त्याची यादी तिनंच लिहून दिली होती. भगवानरावांनी ती आल्याआल्या वाचली होती. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क इथवर ठीक होतं. पुढं रंगीत पडदा तिनं स्वतःच खोडला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘आवाजाचं कार्ड. खेळाची दांडी, आबा निवडतील ती.’

“अभ्यासाला ह्यातलं काही लागत नाही हो,” भगवानराव म्हणाले होते. “ही मशीन गेम खेळायची झाली.”

तेव्हापासून बन्सीधरचं डोकं फिरलं होतं. म्हाताऱ्यानं पोरीलाही सामील करून घेतलं!

दोन वर्षांमागं आबांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, डावा हात लुळाच राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो आबांनी उकिरड्यावर भिरकावला. “मी काय लेकरू हाय?” तेव्हापासून सदऱ्याच्या गुंड्या रोज बन्सीधर लावायचा. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याला खुपत होतं ते वेगळंच. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या गळ्यात मृदंग पडल्याशिवाय पिंगळीच्या सप्त्यातलं कीर्तन उभं राहिलं नाही, तो आता कीर्तन ऐकायलासुद्धा येत नव्हता. ज्यांच्या डाव्या हाताची एक थाप पडली की मागच्या ओळीतल्या बायाबापड्यांच्या अंगावर काटा यायचा, ते आबा सप्त्याच्या दिवसांत दार लोटून घरात बसत. मृदंग खुंटीला होता. थाप घुमावी म्हणून डाव्या तोंडाला थापलेली कणीक वाळून कधीच गळून गेली होती.

दिवाळीपासून आबा रोज परभणीला जाऊ लागले. घरात सांगत, दवाखान्यात जातो. मागच्या आठवड्यात भर बाजारात वीणेकरी चंद्रभाननं बन्सीधरला गाठलं.

“दवाखाना कसला! तुमचे आबा टेशनापल्याडच्या व्हिडिओ गेममधी लेकरांच्या रांगेत उभे अस्त्यात. म्या डोळ्यानं बघितलं. विठ्ठल सुटला आन् मोटार घावली म्हणायची!”

चार माणसं हसली. ते हसू बन्सीधरच्या कानात अजून वाजत होतं.

“आवाज बी चांगला पायजे,” आबा भगवानरावांना सांगत होते. “मुक्या खेळात मन लागत न्हाई.”

बन्सीधर ताडकन उठला.

“बास झालं, आबा! चैत्रात सप्ता हाय. गाव तुमची वाट बघून थकलं. दोन वर्षांत देवळाची पायरी चढला न्हाईत, आन् हितं गाड्या पळवायलाव? नातीच्या अभ्यासाचं वाटोळं करायलाव? ह्या वयात?”

“देवळात नुस्तं बसाया जात न्हाई मी.”

“मग काय करायचं तुमाला? दांडी हलवीत मरायचं?”

शब्द तोंडातून निसटला. आबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी चौथी दांडी ओढली आणि उपरण्याखाली घेतली, एखाद्या हट्टी पोरानं खाऊ लपवावा तशी.

“आना इकडं ती!”

बन्सीधरनं हात घालून दांडी धरली आणि हिसका दिला. दांडी सुटली नाही. त्यानं दुसरा हिसका दिला, चांगला नेट लावून. आबा जागचे हलले, दांडी हलली नाही. संतापानं त्यानं उपरणंच ओढलं.

आबांचा उजवा हात काउंटरवर होता. रिकामा.

दांडी डाव्या मुठीत होती. नखं पांढरी पडली होती, मनगटाची शीर तट्ट फुगली होती, अंगठा लटलट कापत होता. मूठ मात्र मिटलेली. त्या हाताच्या बाहीची गुंडी सकाळी बन्सीधरनंच लावली होती.

त्याची पकड आपोआप ढिली झाली.

“ही देऊ का मग?” भगवानरावांनी हळूच विचारलं.

“हीच. लय घट्ट हाय.” आबांचा आवाज अजून रागातच होता. त्यांनी उपरणं सावरलं, मुलाकडं बघितलं नाही. “त्या चंद्रभानला बोलू नको काही. सूनबाईला म्हणावं, आज कणीक जरा जास्ती भिजव. पोळ्या झाल्यावर मूठभर ऱ्हाऊ दे.”