पडद्यावरचं नाव

संगणक सुरू झाला, पण पडद्यावर कॉलेजचं नाव उमटलं नाही. नुसते रिकामे चौकोन दिसले. अतिया मॅडमनी मराठी अक्षरांचा संच पुन्हा बसवला आणि मशीन बंद करून सुरू केलं. या वेळी नाव आलं, जोडाक्षरांसकट.

मागे उभ्या पुंडलिकरावांनी मान हलवली. ते संस्थेचे सचिव. राळेगाव तालुक्यातलं हे कॉलेज त्यांच्या वडिलांनी काढलेलं.

"उद्या हे नाव बदलायचं झालं तर, मॅडम?"

"प्रत्येक मशीनवर जाऊन बदलावं लागेल."

"तसं नको. एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदललं पाहिजे. वडिलांचं नाव द्यायचा ठराव आहे."

अतियाला ते पटलं. तिनं नाव सर्व्हरवर एका ओळीत ठेवलं. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, सगळीकडची मशीनं सुरू होताना तिथूनच नाव उचलू लागली.

मशीनांवर तिनं लिनक्स ही संगणकप्रणाली बसवली होती. तिला परवाना विकत घ्यावा लागत नाही, आणि ती आतून उघडून हवी तशी बदलता येते. जुन्या मशीनला जड जाईल ते सगळं तिनं काढून टाकलं. खेळ काढले. मेनू मराठीत केले. वीज गेली तरी अर्धवट काम जपलं जावं अशी सोय केली, कारण वीज रोजच जायची. पुंडलिकराव अधूनमधून येऊन एखादी सूचना करत. वायरी भिंतीत ठोकू नका, रंग नवा आहे. खोकी फेकू नका, गॅरंटीला लागतात.

विद्यापीठाच्या समितीनं मान्यता दिली तरच संगणकाचा वर्ग टिकणार होता. अतियाची नोकरी कंत्राटी होती, ती गेली असती. पण तिला जास्त घोर होता तो बबिताचा.

बबिता तांड्यावरची. संस्थेची गाडी रोज सकाळी तांड्यावर जाऊन तिला आणि आणखी काही मुलींना घेऊन यायची. त्या वर्षी कापूस असा बुडाला होता की वेचणीला माणूस लावणं परवडेना. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली होती. अशा दिवसांत मुलींसाठी गाडी पाठवणारी संस्था अतियाला थोर वाटली. घरी तिनं अब्बांना तसं सांगितलंही. अब्बा यवतमाळला मोटारी दुरुस्त करत. ते म्हणाले, गाडीत डिझेल कोण भरते अन् काहून भरते, ते पाहा आधी. अतियाला ते खवट बोलणं आवडलं नाही.

मुली वह्या आणत नसत. अतियानं घरून आणून दिल्या. बबिताला वहीची गरज पडतच नसे. एकदा पाहिलं की तिची बोटं चालायची. कुठे शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, पाहून पाहून.

एक दिवस तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, संचिका म्हंजे काय व्हय?"

"कागद एकत्र ठेवायची जागा."

"मंग गाठोडं लिहा नं. गाठोडं आमच्या बुढीलेबी समजते."

मुली खिदळल्या. अतियानं त्याच दिवशी बदल केला. कॉलेजच्या सगळ्या मशीनवर संचिकेचं गाठोडं झालं. कार्यालयातले उकंडाभाऊ कुरकुरले की आता प्राचार्यांचे आदेश गाठोड्यात बांधून डोक्यावर घ्यायचे काय.

अतियानं मनाशी ठरवलं होतं. ही मुलगी पदवीपर्यंत गेलीच पाहिजे. ती परत वेचणीला जाता कामा नये.

समिती आली. एका सदस्यानं बबिताला विचारलं, कोणत्या वर्षाला आहेस?

"मी विज्ञान शाखेच्या द्वितीय वर्षात शिकत आहे, सर."

इतकी घोटीव भाषा अतियानं तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तिला अभिमान वाटला. सदस्यांनी गाठोड्याचंही कौतुक केलं आणि मान्यतेचं जेवतानाच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अतिया पेढे घेऊन आली. प्रयोगशाळेत टेबलं होती, मशीनं नव्हती. वायरींची वेटोळी करून ठेवली होती. सर्व्हर तेवढा टेबलावर चालू होता. उकंडाभाऊ शेवटच्या खोक्याला सुतळी बांधत होते आणि तिच्याकडे पाहत नव्हते.

पुंडलिकराव शांतपणे बोलले. उमरखेडच्या कॉलेजात सोमवारी समिती आहे. संस्थेची कॉलेजं अनेक, सामान एकच. दिवस कसे आलेत ते मॅडम पाहतातच आहेत. तेवढं नाव बदलून द्यावं.

"आणि इथला वर्ग?"

"मान्यता मिळाली ना, मॅडम. कागदावर चालू आहे."

"मी नाही बदलणार."

"तुमची मर्जी. एक ओळ तर आहे, उकंडा बदलेल. तुम्हीच इतकं सोपं करून ठेवलंय."

अतियाच्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच होता. आता गाडी येईल, मुली उतरतील, रिकाम्या टेबलांसमोर उभ्या राहतील. बबिताला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये. आपणच सांगावं, पण काय शब्दांत, ते तिला सुचेना. ती फाटकाकडे निघाली.

फाटकाशी टेम्पो उभा होता. मागे खोक्यांच्या मधोमध मुली बसल्या होत्या. धक्का लागू नये म्हणून बबितानं एक मॉनिटर मांडीवर घेतला होता.

"तू कुठं निघालीस?" अतियानं विचारलं.

"उमरखेडले. मांगच्या साली वणीले गेलतो आमी, तसंच," बबिता म्हणाली. "वेचणीपरीस बरं हाय मॅडम, मजुरी तेवढीच, अन् सावलीत बसाले भेटते."

मग तिनं एक खोकं सरकवून शेजारी जागा केली.

"या नं वर. तिथं त्यायले अजून मॅडम भेटली नाही."