इंदुताईंच्या नावाचं पन्हं

"परत विसरलीस," गोपाळराव म्हणाले. "पेशंटचं वय कोण विचारणार?"

दीक्षाने जीभ चावली. औषध कोणतं, किती घेतलं, त्रास काय झाला, सगळं तिने विचारलं होतं.

"वय नाही तर पेशंट नाही. पेशंट नाही तर केस नाही. मुलाखतीत आधी हेच बघतात."

दीक्षा एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती. औषधांमुळे लोकांना होणारे त्रास तपासणारी एक कंपनी हैदराबादला होती. तिला तिथे जायचं होतं. जूनमधली मुलाखत हुकली तर पुढचं ठरलेलंच होतं. वडिलांनी हुडकेश्वरला मेडिकलसाठी गाळा बघून ठेवला होता आणि मनीषनगरचा एक मुलगाही.

गोपाळराव याच कामातून निवृत्त झाले होते. बायको गेल्यापासून रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. कॉलेजात व्याख्यानाला आले होते, तेव्हा तेच म्हणाले, रविवारी येत जा, तयारी करून घेतो.

त्यांनी आतून पन्ह्याचा ग्लास आणला.

"इंदूच्या नावाचं. ती होती तोवर उन्हातून आलेलं कोणी पन्हं घेतल्याशिवाय गेलं नाही."

भिंतीवर इंदुताईंचा फोटो होता. हार ताजा होता. गेलेल्या बाईच्या नावाने दिलेलं नाही कसं म्हणणार? दीक्षाने ग्लास संपवला. पन्हं थोडं कडू होतं.

"कोय लागली असेल," गोपाळराव म्हणाले. "मला तिच्यासारखं जमत नाही."

निघायच्या वेळी दीक्षा दारात थबकली.

"सर, जवळ मंदिर आहे का?"

"नाही. का?"

"घंटा वाजतेय. बारीक, लांबून."

गोपाळरावांनी फोटोकडे बघितलं.

"इंदूही हेच विचारायची," ते म्हणाले. "शेवटी शेवटी."

कूलर घरघरत होता. तरी दीक्षाला घंटा ऐकू येत होती.

पुढच्या रविवारी घंटा पुन्हा वाजली. त्याच्या पुढच्या रविवारी ती खुशीला सोबत घेऊन गेली. खुशी तिच्याच वर्गातली, तोंडाने फटकळ. कैरीने दात आंबतात म्हणून तिने नुसतं पाणी घेतलं.

"पण सर," खुशी म्हणाली, "औषधानंच झालं हे पक्कं कसं समजते? माणसाले दहा कारणं राहतात."

"औषध थांबवायचं. त्रास गेला तर संशय वाढतो. पुन्हा द्यायचं. त्रास पुन्हा आला तर संशय उरत नाही."

"मुद्दाम कोण देईन जी परत?"

"कोणीच देत नाही," गोपाळराव म्हणाले. "म्हणून बहुतेक केसेस 'शक्यता आहे' असं लिहून बंद होतात."

तेवढ्यात दीक्षाने खुशीचा हात दाबला. घंटा सुरू झाली होती. खुशीने कान दिला आणि मान हलवली. तिला काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजबाहेर तर्री-पोहे खाताना खुशीने विषय काढला.

"काहून जाते वं तिथं? ती बाई बोलावून राहिली तुले."

"गप बस. ऊन लागत असेल मला."

"ऊन रामदासपेठेतच लागते का? अन् तेही रविवारीच? मले तर तो फोटो पाहूनच भेव लागलं."

"बोटांना मुंग्याही येतात," दीक्षा हळूच म्हणाली.

"बापा! मग तर सोडच तू."

"अन् नोकरी? मेडिकलमध्ये बसून गोळ्यांच्या पट्ट्या कापू का जन्मभर?"

खुशीने तिच्या प्लेटमध्ये आपली तर्री ओतली.

मग परीक्षा आली. दीक्षाने गोपाळरावांना फोन केला, काही रविवार जमणार नाही म्हणून. ते रागावतील असं तिला वाटलं होतं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "खंड पडायलाच हवा. पण नंतर नक्की ये."

त्या दिवसांत घंटा नव्हती. मुंग्या नव्हत्या. दीक्षा घरच्या गच्चीवर भर दुपारी उभी राहून बघून आली. ऊनही लागलं नाही.

मुलाखतीच्या आदल्या रविवारी ती रामदासपेठेत गेली. फोटोला नवा हार होता. पन्हं तयार होतं. तिने ते एका दमात पिऊन टाकलं, म्हणजे कडू लागणार नाही.

गोपाळरावांनी मागची सगळी उजळणी घेतली. ती कुठेच अडली नाही. मधेच घंटा सुरू झाली, या वेळी अगदी जवळून. दीक्षाने तिकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं. टेबलाखाली ती बोटं चोळत राहिली.

"आता शेवटची केस," गोपाळराव म्हणाले. "एक बाई. नवीन गोळी सुरू झाली. कानात आवाज, बोटांना मुंग्या. डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं. मग एका सकाळी हृदय बंद पडलं. कंपनीने कळवलं, संबंध सिद्ध होत नाही."

"बरोबर आहे, सर. पुन्हा देऊन बघायला पेशंटच राहिली नाही."

"हो. पण आता दुसरी पेशंट आहे. तरुण, धडधाकट. तीच गोळी, तोच आवाज, त्याच मुंग्या. थांबवलं, त्रास गेला. पुन्हा दिलं, पुन्हा आला. काय लिहिशील?"

"निश्चित," दीक्षा लगेच म्हणाली. "औषधामुळेच."

"आणि पहिलीचं?"

"तिची फाईल पुन्हा उघडावी लागेल. कंपनीला नाही म्हणता येणार नाही."

गोपाळरावांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले. त्यांना असं झालेलं दीक्षाने कधी बघितलं नव्हतं. उत्तर फारच चांगलं गेलं असणार. आणि मग तिला आठवलं, काय राहिलं ते. ती हसली.

"सर, या वेळी विसरले नाही. दुसऱ्या पेशंटचं वय?"

गोपाळरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पेन उचललं.

"तेवढंच राहिलंय," ते म्हणाले. "किती गं तुझं वय?"