ज्याचं त्याने बोलायचं

जिना चढतानाच तिला किळस आली. खाली ड्रायक्लीनिंगचं दुकान, वर नाचाचा क्लास, आणि गुरुवारी संध्याकाळी क्लास सुटला की तीच खोली दारू सोडणाऱ्यांची. पत्ता विचारत विचारत यावं लागलं होतं आणि दर वेळी आवाज खाली घ्यावा लागला होता, जसं काही तिलाच तिथे जायचं होतं. गाडी ती हल्ली काढत नसे, म्हणून बसचे धक्के खात आली होती. निघण्याआधी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिने जरा धीर गोळा केला होता आणि तोंडात पेपरमिंट टाकलं होतं.

खोलीच्या भिंतींना आरसे होते आणि आरशांवर पडदे ओढलेले. बरोबरच आहे, ती मनात म्हणाली. या लोकांना स्वतःचं तोंड बघवणार कसं?

गोल मांडलेल्या खुर्च्यांवर तिला वाटली होती तशीच माणसं होती. एक दातांचा डॉक्टर, ज्याच्यापुढे कुणी तोंड उघडू नये. एक पेन्शनर, जो कुणी काही म्हणायच्या आधीच मान डोलवत होता. चहाच्या किटलीपाशी एक आडव्या बांध्याची बाई. सगळे तिला मावशी म्हणत आणि बैठक तीच चालवी. आणि कोपऱ्यात तो शिंपी.

शिंप्यासाठीच ती आली होती.

तिचे वडील जन्मभर शाळेची बस चालवायचे. हजारो पोरांची ने-आण केली, पण कुणाच्या गुडघ्याला खरचटू दिलं नाही. ते गेल्यावर शाळेने सभागृहात त्यांचा फोटो लावायचं ठरवलं. आणि अंत्यविधीला हा शिंपी, ओळख ना पाळख, सगळ्यांदेखत हुंदके देत म्हणाला, "काका आमच्या गटात यायचे. वर्षभर थेंबाला शिवले नाहीत." कौतुक करायला गेला होता गाढव. दुसऱ्या दिवसापासून शाळेत पालकांचे फोन: आमची मुलं दारुड्याच्या हवाली केली होती की काय? फोटो लावायचा राहिला. आत्यासुद्धा म्हणाली, "माझा भाऊ असा निघेल असं वाटलं नव्हतं गं."

"तुम्ही शाळेत जाऊन सांगायचं, की माझी चूक झाली," ती बसायच्या आधीच शिंप्याला म्हणाली. "माझ्या बाबांनी जन्मात दारूला हात लावला नाही."

शिंप्याने मावशींकडे पाहिलं.

"बसा ताई," मावशी म्हणाल्या. "इथलं बाहेर बोलायचं नसतं, ते हा बोलला. त्याबद्दल त्याला चांगलं झापलंय मी. पण तुम्हीही आमचा नियम ऐका. इथे दुसऱ्याचं बोलायचं नाही. ज्याचं त्याने बोलायचं."

"ते गेलेत. त्यांचं कोण बोलणार?"

"चहा घ्या."

दारुड्यांचे नियम. तिला हसूच आलं.

"घरच्यांना कळत नाही हो," पेन्शनर मान डोलवत म्हणाला. "माझी बायको कित्येक वर्षं म्हणायची, यांना मधुमेहाची चक्कर येते. मला साखर खाऊ द्यायची नाही."

दोघेतिघे हसले. ती हसली नाही. गेल्या वर्षी बाबा बिऱ्हाड आवरून तिच्याकडे राहायला आले होते. तिची मुलगी वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याकडे असे, घर रिकामंच होतं. म्हातारपणी त्यांना सोबत हवी, असं ती सगळ्यांना सांगे. गुरुवारी ते "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत आणि ती बरं म्हणे.

"मी दार उघडलं, एवढं माझं सांगते," मावशी कपात चहा ओतत म्हणाल्या. "पहिल्या दिवशी त्यांनी आधी जिन्याचा कठडा हलवून बघितला. मग दार नीट लागतं का ते बघितलं. मग मला विचारलं, इथे बायका येतात का."

दातांचा डॉक्टर फिसकन हसला. "मला वाटलं, म्हाताऱ्याचा भलताच बेत आहे."

तिचे कान तापले. या भुरट्यांनी तिच्या बापाला हसावं.

शिंपी उठला. "मी माझंच बोलतो. काका म्हणाले होते, मी बाटली वॉशिंग मशीनमध्ये ठेवतो, मळक्या कपड्यांखाली. मी त्याच दिवशी घरी गेलो आणि शिलाई मशीनच्या खणातली माझी काढली, ओतून दिली. पुन्हा आणली, ते सोडा. मग काकांनी केकचं सांगितलं. नातीचा वाढदिवस, घर पोरांनी भरलेलं, आणि हे मेणबत्त्या पेटवता पेटवता तोंडावर केकात पडले. नात रडली नाही म्हणाले. टेबलाखाली जाऊन बसली आणि बाहेर येईना. एवढं सांगून काका असे रडले, की मला माझी पोरगी दिसली. तेव्हापासून माझी बंद आहे ती आजपर्यंत." त्याने नाक पुसलं. "आता ताई, हे सगळं खोटं होतं असं मी शाळेत कुठल्या तोंडाने सांगू? असं कुणी रचून सांगतं का?"

सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिच्या लक्षात आलं की त्यांना तिची दया येत होती. या लोकांना. तिची.

"वॉशिंग मशीनचं," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं?"

"त्यांनीच."

तिने कप खाली ठेवला. उठून उभी राहिली आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"मला बोलायचंय."

"काकांबद्दल असेल तर नको," मावशी म्हणाल्या.

"कळला मला तुमचा नियम." ती शिंप्याकडे वळली. "पटलं, तर शाळेत जाल?"

"आधी बोला तर."

"केक माझ्या मुलीचा होता," ती म्हणाली. "बाबा त्यात पडले नव्हते. ते मला त्यातून उचलत होते."