घरच्या तुरीचं पान

"अव्वा, ही नीळ कशाला घेतलीस?" पिशवीतली बाटली बघून मंजुश्रीनं आईला विचारलं.

"तुझ्या घरात थेंब न्हाई. कोट धुतला, तर पिवळट दिसून राहिला. मोठी माणसं येणार, अन् तू अशी! उद्या पुन्हा धुते."

"ते कोट बघायला येत नाहीत गं."

शरणम्मा हसल्या. नवरा, महादेवप्पा, होते तोवर त्यांचं धोतर निळीशिवाय कधी दोरीवर पडलं नव्हतं.

मंजुश्रीच्या लातूरच्या प्रयोगशाळेत टेबलावर झाकणाच्या पाच काचेच्या वाट्या होत्या. प्रत्येकीत पाण्यात बुडवलेलं तुरीचं एक पान. हिरवा रंग आधीच काढून टाकलेला. चार पानं निळीशार झाली होती.

"तुरीवर मर रोग आणणारी बुरशी असते ना, तिच्यातली एक कळ, म्हणजे जीन चालू करणारं बटणच, आम्ही तुरीत बसवली," मंजुश्री म्हणाली. "कळीला निळ्या रंगाचा जीन जोडला. कळ चालली की पान निळं. पुढं रंगाच्या जागी मर अडवणारा जीन जोडायचा."

शरणम्मांना जळकोटचं रान आठवलं. फुलोऱ्यातली तूर उभी वाळली, त्या दुपारी महादेवप्पा बांधावर बसले ते भाकरीलाही उठले नाहीत.

"तिचंच बटण? लई बेस. लावा भवानीला कामाला!"

"आज काम तपासायला येणाऱ्या सरांना पटलं तर. नाहीतर काम इथंच बंद."

"अन् हे कडेचं पान?"

"ते आपल्या रानातलं. परवा तू रोप आणलंस ना, त्याचं."

तेवढ्यात फोन वाजला. "आले वाटतं. तू बस इथंच," म्हणत मंजुश्री लगबगीनं खाली गेली.

शरणम्मा कडेच्या वाटीकडे बघत राहिल्या. चौघं पुढं गेली आणि घरचंच तेवढं मागं राहिलं. पांढरंफटक. लेकीच्या परीक्षेत आपणच कमी पडावं?

त्यांनी झाकण काढलं. निळीचे दोन थेंब सोडले. पानानं रंग धरला तसं पाणी बेसिनमध्ये ओतलं, नळाचं साधं पाणी घातलं आणि झाकण लावलं. धोतराला जमायचं ते पानालाही जमलं. बाटली पिशवीच्या तळाशी गेली.

नांदेडहून आलेले मृत्युंजय सर कमी बोलणारे होते. एकेक वाटी उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. चौथी खाली ठेवत म्हणाले, "रंग छान आलाय."

दाराशी उभ्या शरणम्मांनी पदराखाली हात जोडले.

"पण मॅडम, हा रंग कळीचाच कशावरून? एका ठिकाणी साधं पानही निळं झालं होतं. सगळं काम रद्द करावं लागलं मला."

"इथं तसं नाही, सर," मंजुश्री म्हणाली. "कळ न बसवलेल्या तुरीचं एक पान मुद्दाम ठेवलंय. आमच्या अव्वाच्या रानातलं. पांढरंच्या पांढरं राहिलंय."

आणि न बघताच तिनं कडेची वाटी उचलून त्यांच्या हातात दिली.