चिमीचा डोह

"या डोहाचं नाव?" जुनी नावं नोंदवत फिरणाऱ्या सर्वेक्षक बाईंनी विचारलं.

"चिमीचा डोह," सगुणा म्हणाली. तिची चिमी इथंच बुडाली होती.

"दोघांनी तेच नाव सांगितलं, तरच नकाशात येईल. बाबा, तुम्ही सांगा."

धावजीने डोकं खाजवलं. "हिचं आपलं काहीतरीच असतं, बाई. कोण चिमी?"

पोरीसाठी झुरणाऱ्या नवऱ्याच्या डोक्यातलं दुःख पुसून घ्यायला गेल्या वर्षी सगुणानेच त्याला दवाखान्यात नेलं होतं. दुःखासोबत पोरही पुसली गेली. गाव तर केव्हाच उठलं होतं. विचारायला तिसरं कोणी उरलं नव्हतं.

बाईंनी 'अनाम डोह' असं लिहिलं.

"पाणी मात्र झकास आहे," धावजी हसून म्हणाला. "आपल्याला एखादं पोर असतं ना, सगुणे, तर इथंच पोहायला शिकवलं असतं."