पत्ता पाठ असलेली गाडी

“सर, आपली गाडी चालता चालता अचानक बंद पडू शकते,” कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली. “त्या मॉडेलच्या फ्युएल पंपात दोष निघालाय. आम्ही सगळ्या गाड्या परत बोलावतोय. पंप मोफत बदलून मिळेल.”

“पडू शकते काय, पडतेच,” रोह्याहून बाबाजी म्हणाले. “वर्षातून एकदा.”

“एकदाच?”

“गणपतीला. हमरापूरवरून मूर्ती आणताना. पेणला, बहिणीच्या दारात.”

मुलीने ते लिहून घेतलं. “आणि एरवी?”

“एरवी काय तक्रार नाय.”

बाबाजी आणि त्यांची धाकटी बहीण हौसा यांच्यात बोलणं नव्हतं. एका भाऊबीजेला हौसाने वालाचं बिरडं केलं. बाबाजी म्हणाले, मीठ कमी हाय. हौसा म्हणाली, तुझ्या जिभेला चव कमी हाय. दोघं एकाच आईची लेकरं असल्यामुळे कुणीच आवरतं घेतलं नाही. शेवटी बाबाजींनी अख्ख्या आळीसमोर जाहीर केलं, “माझी गाडी तुझ्या दारात परत थांबवली तर बापाचं नाव लावणार नाय!”

गाडी तेव्हा नवीकोरी होती. आखातातून परतलेल्या अय्यूबने आपल्या गॅरेजात ती सजवून दिली होती. मखमली सीटकव्हरं, चोराने पळवली तर गाडीने अडून बसावं म्हणून एक चोरबटण, आणि रिव्हर्स घेताना वाजणारी आरती. चोर कधी आला नाही. आरतीचा मात्र त्रास झाला. गाडी मागे यायला लागली की म्हातारी माणसं बाजूला व्हायचं सोडून टाळ्या वाजवत उभी राहायची.

पुढच्या वर्षी गणपती आणताना गाडी हौसाच्या दारात बंद पडली. देवच दारात आलेला, त्यामुळे हौसा ओवाळायला आली. गाडी थंड होईपर्यंत बाबाजींना ओटीवर बसावं लागलं. शपथ मोडली नव्हती. गाडी त्यांनी थांबवली नव्हती, ती थांबली होती.

हौसाने पान वाढलं आणि गाडीतल्या मूर्तीकडे बघत म्हणाली, “देवा, तुझ्या ड्रायव्हरला विचार, आज मीठ पुरतं का.”

“देवा, सांग तिला, पुरतं.”

तेव्हापासून दरवर्षी हेच. भावाबहिणीचं वर्षाचं बोलणं तेवढंच, तेही देवामार्फत.

म्हणून बाबाजी बायकोला म्हणाले, “पंप बदलायचा नाय.”

“अवो, धाटावच्या कारखान्याच्या टँकरपुढे बंद पडली म्हंजे?” कृष्णाबाई म्हणाल्या. “गुमान बसवून घ्या. फुकट हाय.”

“पण गो, हौसा...” एवढंच बोलून बाबाजी उगाच गोठ्याकडे गेले.

पेणच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नवा पंप बसला. पण पत्ता ओळखणारा बिघाड कंपनीच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेला नव्हता. म्हणून गणपती आणायच्या दिवशी पुण्याहून दत्तात्रेय नावाचा तरुण इंजिनिअर आला आणि गाडीला वायर लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन पुढे बसला. मागे मूर्ती, तोंडावर रुमाल. मूर्तीला धरून कृष्णाबाई. देवाशेजारी चपला नकोत म्हणून त्यांनी दरवर्षीसारख्या त्या काढून पुढच्या सीटखाली सारल्या.

“काका, किल्ली तुम्हीच फिरवत नाही ना?” दत्तात्रेयने हळूच विचारलं.

“देव मागं बसलाय. खोटं बोलीन?” बाबाजींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून दाखवले. त्यामुळे गिअर बदलायचा राहिला आणि गाडी पेणच्या बाजारातून कण्हत निघाली.

वस्ती विरळ झाली. हौसाचं फाटक दिसलं. ती ओवाळणीचं ताट घेऊन फाटकातच उभी होती. बाबाजींनी वेग कमी केला. गाडी थांबेना. ताट, हौसा, फाटक, सगळं खिडकीतून मागे गेलं. आरशात हौसा लहान लहान होत गेली.

“चांगला पंप हाय,” बाबाजी म्हणाले आणि त्यांनी नाक ओढलं.

तेवढ्यात गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

“नवा हाय ना,” कृष्णाबाई मागून म्हणाल्या. “पत्ता पाठ व्हायला वेळ लागायचाच.”

हौसा ताट सांभाळत धावत आली. तिने देवाला ओवाळलं आणि त्याच झपाट्यात इंजिनिअरलाही. दत्तात्रेयने कपाळावरचं कुंकू न पुसता बॉनेट उघडलं. पंप ठीक होता. लॅपटॉपही सगळं ठीक म्हणत होता.

सगळे ओटीवर आले. पानं मांडलेलीच होती. तिसऱ्यांदा बिरडं घेताना दत्तात्रेय थांबला. “मावशी, वालांना मोड यायला किती दिवस लागतात?”

“दोन. का रे बाबा?”

“काही नाही.” गाडी बंद पडायच्या दोन दिवस आधीच वाल भिजले होते; त्याला काहीतरी सुचत होतं, पण बिरडं फार चांगलं झालं होतं.

तेवढ्यात पुण्याहून साहेबांचा फोन आला. पंप बरोबर आहे की नाही?

“उत्तम आहे, सर. पण गाडी थांबली.”

“मग गाडी का थांबली?”

दत्तात्रेयने शेजारी बघितलं. गाडी यंदा पुढे जाऊन थांबल्यामुळे देव फाटकापलीकडे, ऐकू न येण्याइतका लांब राहिला होता.

“आज मीठ जास्त पडलं काय रे, दादा?”

“व्हय गो, थोडं.”

“तुझी जीभच...” हौसा बोलता बोलता फाटकाकडे बघू लागली. बाबाजींनी पान पुढे केलं. “वाढ अजून.”

“सर, हे आपल्या वॉरंटीत बसत नाही,” दत्तात्रेय म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

निघायच्या वेळी भाऊबीजेला यायचं ठरलं. गाडी बंद पडो न पडो. बाबाजी किल्ली शोधत खिसे चाचपू लागले. देवाला एकटं ठेवू नये म्हणून कृष्णाबाई सगळ्यांआधी जाऊन मागे बसल्या. त्यांनी चपला काढल्या, पाय पुढच्या सीटखाली घातला, अंगठ्याने अय्यूबचं चोरबटण वर केलं आणि हाक मारली, “अवो, या. देव म्हणतो, आता होईल चालू.”